थंडीची कारागिरी आणि मनुष्याची त्वचा

अग्नि हा गृहस्थाश्रमाचा साक्षी असून त्याच्यावांचून घरांतील एकही दिवस जात नाहीं. परंतु हाच अग्नि एकदां अंगावर उलटला म्हणजे त्यासारखा निर्दय शत्रु दुसरा नसतो. चुलीच्या जागीं रॉकेलचा स्टोव्ह आला, स्टोव्हच्या जागीं गॅसची शेगडी आली. तरी पदर पेटणें, आधणाचें भांडें कलंडणें, निरांजनावर लहान मुलाचा हात जाणें, हे प्रकार संपलेले नाहींत. अशा रीतीनें भाजून निघालेल्या शरीरावर पुन्हां त्वचा आणण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं जें एक साधन शोधून काढिलें, त्याचा जन्म अग्नीच्या अगदीं उलट बाजूस, म्हणजे बर्फांत झाला आहे. पाणी गोठतांना जी नक्षी काढितें तिच्यापासून एक जाळीदार पदार्थ कसा तयार होतो, आणि तो मनुष्याच्या शरीराला आपली हरवलेली त्वचा पुन्हां विणावयास कसा लावितो, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय शास्त्रीय असला तरी त्यांतील बहुतेक दाखले वाचकांस आपल्या स्वयंपाकघरांत व देवघरांतच सांपडतील.

त्वचा गेली म्हणजे काय जातें?

त्वचा म्हणजे शरीरावर घातलेलें एक आवरण, एवढीच सामान्य समजूत असते. वास्तविक तें एक मोठें इंद्रिय आहे. प्रौढ मनुष्याच्या त्वचेचें क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरतें. तिचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असून ती शरीरांतील पाणी बाहेर जाऊं देत नाहीं व बाहेरचे जंतु आंत येऊं देत नाहीं. तिच्याखालीं जाड व चिवट अशी अंतस्त्वचा असते. तिच्यांत रक्तवाहिन्या, मज्जातंतु, घर्मपिंड आणि केसांचीं मुळें असतात. निसर्गाचा एक विलक्षण पक्षपात असा कीं, बाह्यत्वचा खरचटली तर ती कांहीं दिवसांत जशीच्या तशी भरून येते. परंतु अंतस्त्वचा पूर्णपणें नष्ट झाली तर ती मोठ्या माणसांत आपण होऊन पुन्हां उत्पन्न होत नाहीं. तिच्या जागीं शरीर घाईघाईनें व्रणाचें टणक मांस भरून काढितें, आणि जखमेच्या कडा आंत ओढून घेतें. या ओढीमुळें बोटें तळव्याला चिकटतात, हनुवटी छातीकडे खेंचली जाते, कोपर सरळ होत नाहीं. प्राण वांचले तरी मनुष्य जन्माचा जखडला जातो.

यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे रोग्याच्याच अंगावरील चांगली त्वचा काढून भाजलेल्या जागीं लावणें. त्वचेची जागा बदलतां येते हें ज्ञान आपल्या देशांत पुरातन आहे. सुश्रुतसंहितेंत गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत सांगितलेली आहे. आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझीन’ या मासिकाच्या १७९४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अंकांत पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेची सचित्र हकीकत प्रसिद्ध झाली होती. इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाचा एक गाडीवान टिपूच्या हातीं सांपडून नाक गमावून बसला होता. त्याला विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें कपाळाची त्वचा खालीं वळवून नवें नाक करून दिलें. त्या हकीकतीवरूनच यूरोपांतील शस्त्रवैद्यांनीं हा मार्ग पुन्हां हातीं घेतला.

परंतु नाकाएवढी जागा झांकणें वेगळें आणि सबंध पाठ, छाती व हात झांकणें वेगळें. ज्याचें निम्म्याहून अधिक अंग भाजलें त्याच्याजवळ घेण्याजोगी त्वचाच थोडी उरते. आणि जेथून ती घ्यावी तेथें नवी जखम होते. दिवस जातात, उघड्या अंगांतून पाणी झिरपत राहतें, जंतु शिरतात, आणि रोगी हातचा जातो. ही अडचण कशी सोडवावी, हाच प्रश्न होता. तिचें उत्तर समजण्यासाठीं आतां थोडा वेळ आपण रुग्णालय सोडून बर्फाकडे वळूं.

पाणी गोठतांना काय करितें?

लिंबाचें किंवा कोकमाचें सरबत पेल्यांत घालून बर्फपेटींत ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें. कडेचा बर्फ फिका व निचव लागतो. रंग, साखर व आंबटपणा हीं सर्व मध्यभागीं गोळा झालेलीं असतात. याचें कारण असें कीं, बर्फाचा स्फटिक बांधला जातांना पाण्याचे कण ठराविक रचनेनें एकमेकांस बिलगतात, आणि त्या रचनेंत परक्या कणाला जागा मिळत नाहीं. साखर असो, मीठ असो, रंग असो, स्फटिक त्याला पुढें ढकलीत जातो. उत्तर ध्रुवाकडील समुद्र गोठतो तेव्हांही हेंच घडतें. बर्फाच्या पात्यांमध्यें अतिशय खारट पाण्याच्या बारीक बारीक पोकळ्या अडकून राहतात, आणि बर्फ स्वतः जवळजवळ गोडा असतो.

आतां त्या पाण्यांत साखरेऐवजीं तंतुमय पदार्थ असेल तर काय होईल? स्फटिक वाढत जातील, आणि ते तंतु दोन दोन स्फटिकांच्या मधल्या फटींत कोंबले जाऊन तेथें दाट भिंती तयार होतील. पुढें बर्फ निघून गेला तर जेथें स्फटिक होते तेथें पोकळी आणि मधून मधून भिंती, असा मधाच्या पोळ्यासारखा पदार्थ हातीं येईल. बर्फ हा येथें सांचा झाला. काम संपल्यावर आपण होऊन नाहींसा होणारा सांचा. गोठवून ठेवलेला बटाटा वितळल्यावर स्पंजासारखा होतो, आणि पनीर भुसभुशीत होतें, हा अनुभव आमच्या भगिनींना आहेच. जपानांत कोया पर्वतावरील मठांच्या परिसरांत सोयाबीनच्या दुधाचें पनीर हिंवाळ्याच्या कडाक्यांत गोठवून वाळविण्याची जुनी चाल आहे. तें रस्सा भरपूर पितें म्हणून तिकडील शाकाहारी भोजनांत त्याला मान आहे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतले शेतकरी रात्रीच्या हिंवांत बटाटे गोठवून, ते पायांनीं तुडवून व उन्हांत वाळवून वर्षानुवर्षें टिकवितात. तेव्हां थंडीच्या या कारागिरीचा उपयोग मनुष्यानें प्रयोगशाळा निघण्यापूर्वींच करून घेतला होता.

कापराचा धडा

मात्र बर्फ काढून घेण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तो वितळूं दिला तर पाणी होतें, आणि पाणी सुकतांना नाजूक भिंतींना एकमेकींवर ओढतें. ओला कुंचला पाण्यांतून वर काढतांच त्याचे केस एकत्र चिकटतात, हा त्याच ओढीचा प्रकार. अशा रीतीनें सुकविलेली जाळी ढांसळून तिचा चामड्यासारखा तुकडा होतो.

यांतून वाट दाखविणारी वस्तु आपल्या देवघरांत आहे. कापराची वडी उघडी ठेविली तर ती वितळत नाहीं, ओलीही होत नाहीं. तरी हळूहळू लहान होत जाऊन नाहींशी होते. घन पदार्थ द्रवाची पायरी गाळून एकदम वायुरूप होण्याच्या या क्रियेला संप्लवन म्हणतात. बर्फालाही हें करावयास लावितां येतें. त्यासाठीं त्याच्यावरील हवेचा दाब अतिशय कमी करावा लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीएवढा असतो. तो सुमारें साडेचार मिलिमीटरच्या खालीं आणला तर पाणी द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं. अशा निर्वात पेटींत गोठलेला पदार्थ ठेवून त्याला बेताची ऊब दिली म्हणजे बर्फ कापरासारखा उडून जातो, आणि भिंती जागच्या जागीं उभ्या राहतात. दुसऱ्या महायुद्धांत रक्तांतील रस याच रीतीनें कोरडा करून रणांगणावर पाठविला जात असे, आणि तेथें त्यांत पाणी मिसळून जखमी सैनिकांस देत असत. कांहीं लसींच्या कुपीच्या तळाशीं जी पांढरी वडी दिसते तीही अशाच क्रियेनें झालेली असते.

रसायनज्ञ आणि शस्त्रवैद्य

अमेरिकेंतील बोस्टन शहरांत जॉन बर्क नांवाचे शस्त्रवैद्य भाजलेल्या रोग्यांवर उपचार करीत असत. जळालेलें मांस लवकर कापून काढावें आणि जखम ताबडतोब झांकावी, असा त्यांचा आग्रह होता. पण झांकावयाचें कशानें? १९६९ सालीं त्यांनीं मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील इओआन्निस यानास यांच्याशीं सहकार्य सुरू केलें. यानास हे मूळचे ग्रीस देशांतील. तंतु व बहुवारिक पदार्थ यांचे ते अभ्यासक होते. प्रारंभीं दोघांची अपेक्षा माफक होती. पाणी व जंतु अडविणारें एक चांगलें झांकण मिळावें, एवढेंच त्यांना पाहिजे होतें.

त्यांनीं निवडलेले पदार्थ दोन. पहिला कोलॅजन, म्हणजे त्वचा, हाडें व कंडरा यांना बळकटी देणारें तंतुमय प्रथिन. तें गुरांच्या कंडरांपासून काढिलें. दुसरा शार्क माशाच्या कूर्चेपासून मिळणारी एक चिकट शर्करा. सौम्य आम्लांत हे दोन्ही मिसळून पेजेसारखा पातळ लगदा करावयाचा, तो पसरट थाळींत ओतून गोठवावयाचा, आणि निर्वात पेटींत त्यांतला बर्फ उडवून द्यावयाचा. शेवटीं जी पांढरी, हलकी चकती उरते तिच्यांत घन भाग शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतो. बाकी सर्व पोकळी. पुढें ती निर्वातांत १०५ अंशांपर्यंत तापवून व रासायनिक क्रिया करून तिचे तंतु एकमेकांस बांधून टाकितात, म्हणजे ती शरीरांत गेल्यावर लगेच विरघळत नाहीं. वरच्या बाजूला सिलिकोनचा पातळ पापुद्रा बसवितात. तो तात्पुरत्या बाह्यत्वचेचें काम करितो.

ही चकती स्वच्छ केलेल्या जखमेवर लावल्यावर अपेक्षेबाहेरची गोष्ट घडली. जखमेच्या तळाशीं असलेल्या पेशी त्या पोकळ्यांतून वर चढूं लागल्या, त्यांच्यामागून रक्तवाहिन्या आल्या. आणि पेशी जसजशा आपले तंतु विणीत गेल्या तसतशी मूळची जाळी विरत गेली. कमान बांधतांना गवंडी खालीं लांकडी आधार देतात आणि चुना घट्ट झाला म्हणजे तो काढून घेतात. तसा हा आधार होता, फक्त तो काढावा लागला नाहीं. जखमेच्या कडांची ती घातक ओढही पुष्कळ कमी झाली. झांकण करावयास निघालेल्या या गृहस्थांच्या हातीं, जी अंतस्त्वचा पुन्हां होत नाहीं असें सर्व मानीत होते, ती होऊं लागण्याची युक्ति आली.

१९८१ सालीं बर्क, यानास व त्यांचे सहकारी यांनीं दहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचें शेंकडा ५० ते ९५ भाग अंग भाजलेलें होतें. नवी अंतस्त्वचा तयार झाल्यावर सिलिकोनचा पापुद्रा सोलून काढीत आणि त्या जागीं रोग्याच्याच बाह्यत्वचेचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर लावीत. इतका पातळ थर जेथून घ्यावा ती जागा लवकर भरून येते आणि तेथून पुन्हां घेतां येतो; यांतच मोठा लाभ होता. अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें या कृत्रिम त्वचेस १९९६ सालीं मान्यता दिली.

छिद्रांचें माप

छिद्रें किती मोठीं असावींत, हा या विद्येंतील कळीचा प्रश्न आहे. तीं फार बारीक झालीं तर पेशींना आंत शिरतां येत नाहीं. फार मोठीं झालीं तर भिंतींचें एकूण क्षेत्रफळ घटून पेशींना पाय रोंवावयास जागा उरत नाहीं. यानास यांच्या पाहणींत त्वचेसाठीं २० ते १२५ मायक्रॉन हें माप योग्य ठरलें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन असते.

हें माप ठरवावयाचें कसें? येथेंही घरचा दाखला उपयोगी पडेल. लांकडी बादलींत बर्फ व मीठ भरून, मधला डबा सारखा फिरवीत केलेलें आइसक्रीम मऊ होतें. तेंच मिश्रण तसेंच ठेवून सावकाश गोठविलें तर दातांखालीं खडे लागतात. थंडी जलद व कडक असली तर एकाच वेळीं असंख्य स्फटिक जन्मतात आणि सगळेच लहान राहतात. थंडी सौम्य असली तर थोडेच जन्मतात व मोठे होतात. यानास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, कोलॅजनचा हा लगदा शून्याखालीं १० अंशांवर गोठविला तर छिद्रें सरासरी १५० मायक्रॉनांचीं होतात, आणि शून्याखालीं ४० अंशांवर गोठविला तर तीं सुमारें ९६ मायक्रॉनांचीं होतात. त्यासाठीं पदार्थ बदलावा लागला नाहीं. थंडीचा अंश फिरविला कीं पुरें झालें.

पुढें थंडीची दिशाही उपयोगांत आणली गेली. तळाकडून वर अशी एकाच बाजूनें थंडी दिली तर स्फटिक पात्यांसारखे उभे वाढतात आणि छिद्रांच्या समांतर रांगा लागतात. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील प्रयोगशाळेंत २००६ सालीं चिनी मातीसारख्या कठीण द्रव्यांचा चिखल असा गोठवून मोत्याच्या शिंपल्यासारखी थरांची रचना साधण्यांत आली; त्यांत हाडांच्या जागीं बसविण्याजोग्या द्रव्याचाही समावेश होता. हाड, मज्जातंतु व कूर्चा यांच्यासाठीं याच धर्तीवर संशोधन चालू आहे. आपल्याकडे खरगपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेंतील संशोधकांनीं टसर रेशमाच्या प्रथिनापासून अशा जाळ्या गोठवून केल्या आहेत.

एक नाजूक प्रश्न

गुरांची कंडरा, हे शब्द वाचतांच आमच्या पुष्कळ वाचकांचें मन थबकलें असेल. ज्या घरीं गाईला आई म्हणतात तेथें ही शंका क्षुल्लक नव्हे, आणि ती हंसण्यावारी नेणेंही बरोबर नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिचा विचार रुग्णालयाच्या दारांत रडत उभें राहून करण्याऐवजीं घरीं शांतपणें बसून आधींच करावा. ज्या रेशमी मुकट्यानें आपण सोंवळें पाळतों तो कोशांतील जीव उकळल्यावांचून सामान्यतः तयार होत नाहीं; कीर्तनांतील मृदंगाला कातडें लागतें; देवापुढील शंख हाही एका प्राण्याचाच अवशेष आहे. पवित्र व अपवित्र यांची रेषा आपल्या पूर्वजांनीं उपयोग व हेतु पाहूनच ओढली, आणि आपद्धर्माला शास्त्रांत स्थान ठेविलें. मरणाच्या दारीं असलेल्या लेंकराला वांचविण्याहून मोठी आपत्ति कोणती? तथापि ज्याच्या अंगावर ही वस्तु बसवावयाची त्याला ती कशाची आहे हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आणि कोणी प्रौढ मनुष्यानें समजून उमजून नकार दिला तर त्याचा मान राखला पाहिजे. लपवाछपवीनें केलेला उपकार हा उपकार राहत नाहीं.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नव्या त्वचेंत केस व घर्मपिंड येत नाहींत. लावल्यानंतरच्या दोन तीन आठवड्यांत खालीं जंतु शिरले तर सर्व श्रम वायां जातात. आणि ही वस्तु अतिशय महाग आहे. तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेनें डुकराच्या पित्ताशयापासून केलेल्या, जखमा भरून आणणाऱ्या एका देशी साधनास २०२३ सालीं भारत सरकारच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळाली. परंतु सर्वांस परवडेल अशी सोय होईपर्यंत भाजलेल्या रोग्याचा मोठा आधार दुसराच आहे, आणि तो तुमच्या आमच्या हातीं आहे.

आपल्या हातचें

तो आधार म्हणजे त्वचादान. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत २००० सालीं त्वचापेढी सुरू झाली, आणि पुढें इतरत्रही अशा पेढ्या निघाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत मांड्या, पाय व पाठ यांवरील त्वचेचा अत्यंत पातळ थर काढून घेतात. शरीर विद्रूप होत नाहीं, रक्तगट जुळावा लागत नाहीं, आणि अंत्यसंस्काराला म्हणण्यासारखा विलंब होत नाहीं. पेढीची मंडळी घरींसुद्धां येतात. कावीळ वगैरे कांहीं संसर्गजन्य रोग असल्यास मात्र तें दान घेत नाहींत. ही त्वचा ग्लिसरिनमध्यें थंड जागीं पुष्कळ काळ टिकते. परक्याची त्वचा रोग्याचें शरीर कायमची ठेवून घेत नाहीं, हें खरें. परंतु ते कांहीं आठवडे ती पाणी व जंतु अडवून धरते, वेदना कमी करिते, आणि तेवढ्या अवकाशांत प्राण वांचतो. वृद्ध मंडळींनीं आपली इच्छा घरांत सर्वांसमक्ष एकदां बोलून ठेवावी. दुःखाच्या वेळीं मुलांना तो निर्णय घेणें मग जड जात नाहीं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरीं ठाऊक असली पाहिजे. लेखभर आम्हीं बर्फाची थोरवी गाइली असली तरी भाजलेल्या जागीं बर्फ कधींही लावूं नये. त्यानें आधींच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून जखम अधिक खोल होते. शाई, तूप, हळद, दांत घासण्याची पेस्ट, यांपैकीं कांहींही चोपडूं नये. नळाचें साधें वाहतें पाणी वीस मिनिटें सोडावें, बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वींच उतरवाव्यात, स्वच्छ फडक्यानें सैल झांकावें, आणि भाजलेला भाग मोठा असेल तर क्षणाचा विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंचांगाशेजारीं एवढ्या चार ओळी लिहून ठेवल्या, आणि जवळच्या त्वचापेढीचा क्रमांक त्यांच्याखालीं टिपून घेतला, तर या लेखाचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.